पुढचं आपण निवडायचं: घरातल्या पडद्यांवरच्या कामाच्या नोंदी

१६ जानेवारी २०२५

काम काय आहे ते आधी सांगते. घर बडोद्याला, दांडिया बाजारात. माणसं पाच: अण्णा म्हणजे सासरे, आई म्हणजे सासूबाई, नवरा, अकरावीतली मुलगी आणि मी. पडदे असे: चार अँड्रॉइड फोन, मुलीचा अभ्यासाचा टॅब, बैठकीतला गूगल टीव्ही आणि माळ्यावर पडून असलेला २०१३ सालचा लॅपटॉप. प्रत्येक पडद्यावर ‘आता पुढे काय’ हे सध्या यंत्र ठरवतं. ते ठरवणं यंत्राकडून काढून माणसाच्या हातात द्यायचं, एवढंच हे काम आहे.

फोन कपाटात ठेवून आठवडाभर उपास करायचा, हा मार्ग मी घेतलेला नाही. बँक, गॅसचं बुकिंग, मुलीच्या क्लासचे निरोप, डॉक्टरची वेळ, सगळं फोनवरच आहे. शिवाय उपास सुटला की माणूस पुन्हा त्याच ताटावर बसतो. म्हणून ताटच नीट वाढायचं ठरवलं. नोंदी ठेवतेय कारण इंदूरच्या माझ्या बहिणीला तिच्या घरी हेच करायचंय, आणि तिच्यासारखे आणखीही लोक असतील.

१९ जानेवारी

सुरुवात मोजणीने. अँड्रॉइडमध्ये २०१८पासून ‘डिजिटल वेलबीइंग’ आहे. सेटिंग्जमध्ये गेलं की कुठल्या ॲपवर किती वेळ गेला, फोन किती वेळा उघडला, किती सूचना आल्या, सगळं दिसतं. चारही फोनांचे आकडे उतरवून घेतले.

आकड्यांचा उपयोग फारच थोडा झाला. माझ्याच फोनवर एका संध्याकाळी बहिणीशी व्हिडिओ कॉल होता आणि दुसऱ्या संध्याकाळी रील्स. दोन्ही संध्याकाळी वेळ जवळपास सारखाच. पहिल्या संध्याकाळनंतर मी हलकी होऊन झोपले, दुसरीनंतर काय पाहिलं तेही आठवेना. तास मोजून हा फरक कळत नाही.

म्हणून साधी शंभर पानी वही आणली आणि दोरीने फ्रिजच्या हँडलला बांधली. पानावर दोन रकाने: ‘कशासाठी उचलला’ आणि ‘काय करून ठेवला’. पहिला रकाना फोन हातात घेण्याआधी भरायचा, दुसरा खाली ठेवल्यावर. कुणी कुणाचं वाचून टोमणा मारायचा नाही, ही अट मुलीने घातली आणि ती योग्य होती.

२६ जानेवारी

या सगळ्या कामात वहीच सर्वांत मोलाची ठरली. कुणी हे करणार असेल तर बाकी काही न करता आधी वही ठेवा.

काही नोंदी त्या-त्या माणसाच्या परवानगीने इथे देते. आईंची: ‘एकादशी कधी आहे ते बघायला’ आणि समोर ‘एका बाईंचं कीर्तन, मग बटाट्याच्या शेवेची कृती, मग गुडघेदुखीवर तेल, मग एका मुलीचं लग्न. एकादशी बघायची राहिली’. अण्णांची: ‘पेन्शन जमा झाली का’ आणि समोर ‘झाली. मग बातम्या. मग त्याच बातम्या दुसऱ्याकडून’. नवऱ्याची: ‘उद्याच्या मीटिंगची वेळ’ आणि समोर ‘क्रिकेट. वेळ सकाळी पाहिली’. मुलीने पहिल्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी ‘माहीत नाही’ लिहिलंय. ते प्रामाणिकपणे लिहिणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

सगळी पानं एकत्र वाचली आणि एक गोष्ट स्पष्ट झाली. फोन उचलताना बहुतेक वेळा हेतू असतो. तो तीन ठिकाणी हरवतो: फोन उघडताच वर दिसणाऱ्या सूचनांत, ॲप उघडताच पहिल्या पडद्यावर मांडून ठेवलेल्या मालात, आणि एक व्हिडिओ संपून दुसरा आपोआप सुरू होण्याच्या क्षणी. माणसाचा निश्चय कमी पडतो असं आपण म्हणतो, पण या तिन्ही जागा कुणीतरी मुद्दाम तशा बांधलेल्या आहेत. बांधलेली गोष्ट बदलता येते. पुढचं काम या तीन सांध्यांवरच करायचं ठरलं.

१ फेब्रुवारी

पहिला सांधा: सूचना. एका फोनला एक अख्खी संध्याकाळ जाते, घाई करू नये. अँड्रॉइड १३पासून नवं ॲप सूचना पाठवायला आधी परवानगी मागतं, पण तिथे आपण सवयीने ‘हो’ म्हणून मोकळे होतो. म्हणून ॲपची यादी वरून खालपर्यंत घेतली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न लावला: या सूचनेमागे माणूस आहे का? फोन, एसएमएस, व्हॉट्सॲपवरचे घरचे निरोप, बँक आणि औषधाचा गजर राहिले. खरेदीची, बातम्यांची, खेळांची, जेवण मागवायची ॲप्स गप्प झाली.

यादीत न दिसणारी तीन ठिकाणं आहेत, ती राहू देऊ नका. मुख्य पडदा उजवीकडे सरकवला की ‘डिस्कव्हर’ची लांबच लांब बातम्यांची माळ येते, ती होम स्क्रीनच्या सेटिंगमधून बंद होते. क्रोममध्ये नवा टॅब उघडला की खाली लेख येतात, तेही बंद करता येतात. आणि अण्णांच्या फोनच्या लॉक स्क्रीनवर कंपनीनेच बसवलेली चित्रं आणि बातम्या होत्या. ते बंद करायचं बटण वॉलपेपरच्या सेटिंगमध्ये दडलेलं, सापडायला फार वेळ गेला.

व्हॉट्सॲपमध्ये फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं. ‘सुप्रभात’ची चित्रं उतरायची थांबली आणि आईंच्या फोनमधली जागाही मोकळी झाली.

४ फेब्रुवारी

एक गोष्ट फसली. इमारतीचा गट म्यूट केल्यामुळे टाकी साफ करायचा निरोप कुणीच पाहिला नाही आणि सकाळी नळ कोरडे. गट पुन्हा बोलता केला तर दिवसभर घंटा. तोडगा असा निघाला: गट म्यूटच ठेवला, पण यादीत सर्वांत वर पिन केला, आणि सकाळच्या चहाच्या वेळी तो बघायचं काम अण्णांनी अंगावर घेतलं. इमारतीच्या सेक्रेटरींनाही विनंती केली की तातडीचं असेल तर एक फोन करा. त्यांनी आनंदाने मानलं.

फोन काळापांढरा करण्याचा प्रयोगही याच आठवड्यात झाला. ॲक्सेसिबिलिटीमध्ये रंगदुरुस्तीच्या खाली ग्रेस्केल मिळतं. रंग गेले की रील्स निस्तेज होतात हे खरं. पण खंडेराव मार्केटात भाजी घेताना पैसे गेले की अडकले हे आईंना कळेना, कारण त्या हिरव्या आणि लाल खुणेवरून ओळखतात. त्यांच्या आणि अण्णांच्या फोनवर रंग परत आणले. माझ्या फोनवर बेडटाइम मोडमधून रात्री दहानंतर काळापांढरा होतो, तेवढं ठेवलंय.

९ फेब्रुवारी

दुसरा सांधा: यूट्यूबचं पहिलं पान. घरातला सर्वांत जास्त वेळ इथेच जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पान जिथे संपतं तिथे माणूस थांबतो आणि विचार करतो, पुढे जायचं का. तो थांबा काढून टाकणारी न संपणारी सरक आझा रास्किन या रचनाकाराने २००६मध्ये केली. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. आपण एकेका फोनवर तो थांबा परत बसवू शकतो.

यूट्यूबमध्ये पाहिल्याचा इतिहास बंद केला आणि जुना पुसला, तर २०२३च्या ऑगस्टपासून ॲपचं पहिलं पान रिकामं येतं. एकही सूचवणी नाही, वर फक्त शोधायची जागा. दोन्ही करावं लागतं. नुसता इतिहास थांबवला आणि जुना तसाच ठेवला तर पान भरलेलंच राहतं. पुसण्याआधी अर्धवट पाहिलेली व्याख्यानं आणि कृती एका यादीत जतन करा. नवऱ्याच्या तबल्याच्या धड्यांचा माग पुसला गेला आणि तो कुठवर आला होता ते शोधण्यात रविवारची दुपार गेली.

आईंनी संध्याकाळी ॲप उघडलं.

“बंद पडलं का गं हे?”

“नाही आई, चालू आहे. तुम्हाला काय बघायचंय ते सांगा, तेच लागेल.”

त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “काय बघायचंय ते मला आता सांगताच येईना.”

मला ते ऐकून वाईट वाटलं, आणि आपण योग्य काम हातात घेतलंय याची खात्रीही तिथेच पटली. ज्या बाईने दोन मुलं वाढवली, घरचं सोवळंओवळं, लग्नकार्यं, दिवाळसण सांभाळले, तिला आपल्या आवडीचं नाव आठवू नये इतकं तिच्यासाठी दुसरं कुणीतरी निवडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला त्यांच्या अक्षरात यादी होती. एका कीर्तनकारांचं नाव, संस्कारभारतीची रांगोळी, विणकामातला एक टाका, आणि ‘माहेरच्या गावाचं देऊळ दिसतं का’. यादी अजून तिथेच आहे, वाढतेय. मराठीत बोलून शोधायचा माईक त्यांना दाखवला. टंकायची अडचण राहिली नाही.

एक उणीव सांगायला हवी. पहिलं पान रिकामं झालं तरी व्हिडिओच्या खाली सूचवण्या येतातच. फोनच्या ॲपमध्ये त्या काढायची सोय मला सापडली नाही. ‘ऑटोप्ले’चं बटण बंद ठेवलं की निदान पुढचं आपोआप सुरू होत नाही.

१६ फेब्रुवारी

टीव्ही. यात दोन गोष्टी पटकन झाल्या. यूट्यूबचं ऑटोप्ले टीव्हीवर वेगळं बंद करावं लागतं, फोनवर केलेलं तिकडे लागू होत नाही. नेटफ्लिक्समध्ये पुढचा भाग आपोआप लागणं आणि चित्रावर थांबताच झलक वाजणं, दोन्ही प्रोफाइलच्या सेटिंगमधून बंद होतं. झलक बंद करायची सोय त्यांनी २०२०मध्ये दिली. हे ब्राउझरमधून करा, टीव्हीवर शोधत बसू नका. घरात जितकी प्रोफाइलं तितक्या वेळा करावं लागतं.

तिसरी गोष्ट अडली. गूगल टीव्हीच्या खात्याच्या सेटिंगमध्ये ‘फक्त ॲप्स’ अशी पद्धत आहे. ती लावली की मुख्य पडद्यावरचा सिनेमांचा बाजार जातो आणि ॲपची चिन्हं उरतात. मला ते फार आवडलं. पण त्याबरोबर रिमोटमधलं बोलून शोधणंही जातं, आणि आई तर रिमोटशी बोलूनच भजन लावायला शिकल्या होत्या. ज्या सोयीमुळे माणूस स्वतः मागतो ती घालवून सूचवण्या घालवणं हा उलटा व्यवहार झाला. पद्धत पुन्हा पूर्वीसारखी केली. मुख्य पडद्यावर बाजार आहे, पण आई तिथे थांबत नाहीत, बटण दाबून नाव सांगतात.

२३ फेब्रुवारी

या आठवड्यात वेळ वाया गेला तो कुठे, ते लिहिते, म्हणजे तुमचा वाचेल. घरच्या वायफायवरच शॉर्ट्स, म्हणजे यूट्यूबचे छोटे उभे व्हिडिओ, अडवता येतील या समजुतीने डीएनएसची गाळणी, म्हणजे नको त्या संकेतस्थळांचे पत्ते अडवणारी सोय, लावत बसले. जाहिरातींच्या आणि जुगाराच्या कितीतरी जागा त्याने खरोखर बंद होतात. पण शॉर्ट्स आणि व्याख्यान दोन्ही यूट्यूबच्या त्याच पत्त्यावरून येतात. गाळणीला फक्त पत्ता दिसतो, आत काय आहे ते दिसत नाही. एक अडवलं की दुसरंही अडतं. आणि मोबाइल डेटा चालू केला की घरची गाळणी लागूच होत नाही. जाहिरातींपुरती ठेवली, बाकी नाद सोडला.

बुधवारी महाशिवरात्र. सूरसागर तलावाकडे ‘शिवजी की सवारी’ ही मिरवणूक निघेल, रस्ते बंद असतील. त्या दिवशी काम नाही.

२ मार्च

मुलीचा टॅब. इथे आधी प्रत्येक ॲपला रोजची मर्यादा लावली होती. मर्यादा संपली की चिन्ह करडं होतं आणि ॲप उघडत नाही. मध्यरात्री मोजणी पुन्हा शून्यावर.

वार्षिक परीक्षा तोंडावर आहे. रसायनशास्त्राचं एक प्रकरण ती व्हिडिओवरून समजून घेत होती आणि समीकरण अर्ध्यात असताना ॲप बंद झालं. ती चिडली. म्हणाली, “आई, तू मिनिटं मोजतेस. मी काय करतेय ते कुठे मोजतेस?”

तिचं बरोबर होतं. वहीने जानेवारीतच हे दाखवलं होतं. मिनिटांची मर्यादा अभ्यास आणि सरकवणं यांना एकाच मापाने मोजते, आणि शेवटी मुलांना एवढंच शिकवते की मर्यादा संपायच्या आत पटापट बघून घ्या. टॅबवरच्या सगळ्या मर्यादा काढल्या. त्याऐवजी यूट्यूबचं ॲप काढून फायरफॉक्स ब्राउझर ठेवला आणि त्यात ‘अनहुक’ नावाची जोडणी (एक्स्टेन्शन) बसवली. तिने शॉर्ट्स, बाजूच्या सूचवण्या, टिप्पण्या सगळं झाकता येतं. जे शोधलं तेवढंच समोर.

पाहण्याची रीत तिने स्वतः बसवली. व्हिडिओ लावण्याआधी वहीत प्रश्न लिहायचा: ‘आम्लाची तीव्रता आणि संहती यात फरक काय?’ शिक्षक उदाहरण मांडतात तिथे थांबवायचं, उत्तर आधी स्वतः काढायचं, मग पुढे न्यायचं. असं पाहिलं तर छोट्या व्हिडिओलाही तिप्पट वेळ लागतो. स्क्रीनचे तास त्यामुळे वाढले! डिजिटल वेलबीइंगच्या हिशोबाने तिची तब्येत बिघडली असेल, पण तिच्या वहीत उत्तरं आहेत.

९ मार्च

माळ्यावरचा लॅपटॉप उतरवला. फोनवर माणूस झोपून, उभ्याने, रांगेत, कुठेही बघतो. टेबलावरच्या यंत्रासमोर बसायला जावं लागतं. ते बसणंच एक निर्णय असतो, म्हणून घरात एक बसायचं यंत्र हवं होतं.

विंडोज सुरू व्हायलाच चहा करून व्हावा इतका वेळ. सयाजीगंजातल्या एका दुकानातून २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे माहिती साठवायची वेगवान डिस्क, घेतली, १,७५० रुपये. यंत्राला काम करताना लागणारी स्मृती, म्हणजे रॅम, जुन्या डीडीआर३ प्रकारची ४ जीबी, वापरलेली, ७०० रुपये. दुकानदार म्हणाले, “बेन, आटलामां थोडा उमेरो तो जूनुं पण सारुं लॅपटॉप मळी जाय.” थोडे आणखी घालून दुसरा जुना घेता आला असता हे खरं, पण आमच्याच्या कळा चांगल्या होत्या, घेतला नाही.

विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही प्रणाली, तिची जुन्या यंत्रांना झेपणारी एक्सएफसीई आवृत्ती टाकली, फुकट आहे. टाकणं तासाभरात झालं, पण वायफाय दिसेना. जुन्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची चिप असेल तर हे होतं: चिप चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे चालक (ड्रायव्हर), उतरवायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटला चालक. उपाय सोपा आहे. फोन यूएसबी केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लॅपटॉपला इंटरनेट मिळतं, मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून चालक बसवा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा.

१२ मार्च

दुसऱ्या दिवशी एकही संकेतस्थळ उघडेना. सगळीकडे ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा. वायफाय, राउटर, ब्राउझर सगळं तपासण्यात संध्याकाळ गेली. कारण पडद्याच्या कोपऱ्यात होतं: तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा बटणसेल मेला होता. तारीख चुकली की संकेतस्थळांची प्रमाणपत्रं ‘अजून लागू झालेली नाहीत’ असं ब्राउझरला वाटतं. सीआर २०३२ सेल, ४० रुपये, तळाचे स्क्रू काढून बदलला. जुना लॅपटॉप वर काढणार असाल तर हा सेल आधीच बदलून टाका.

फायरफॉक्सचं पहिलं पान कोरं ठेवलं. थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये फीड जोडले, म्हणजे निवडलेल्या संकेतस्थळांवरच्या नव्या मजकुराच्या याद्या. फीड वाचायची गूगलची सेवा, गूगल रीडर, १ जुलै २०१३ला बंद झाल्यापासून फीड संपले असं पुष्कळांना वाटतं, पण वर्तमानपत्रं, नियतकालिकं, अगदी यूट्यूबच्या वाहिन्यांचेही फीड आजही चालतात. निवडलेल्या जागी नवं काही आलं तर यादीत दिसतं. वाचून झालं की यादी रिकामी. खाली आणखी काही नसतं.

दोन गजराची घड्याळंही आणली, मिळून ७०० रुपये. फोन आता रात्री पॅसेजमधल्या फळीवर चार्ज होतात. एकूण खर्च आतापर्यंत ३,१९० रुपये.

२३ मार्च

अण्णांबद्दल. त्यांच्या वहीत सर्वांत जास्त येणारी नोंद ‘बातम्या’ होती आणि दुसऱ्या रकान्यात ‘मन खराब झालं’. बातम्या सोडा असं मी त्यांना सांगणार नव्हते. त्यांचं आयुष्य कार्यालयात कागद तपासण्यात गेलं. डोळा अजून इतका तीक्ष्ण की लग्नपत्रिकेतली ऱ्हस्वदीर्घाची चूक लांबून दिसते. त्या डोळ्याला काम हवं होतं.

मराठी विकिस्रोत दाखवलं. तिथे जुन्या मराठी पुस्तकांची छायाचित्रित पानं आहेत, एका बाजूला पान, दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचलेला मजकूर. तो मजकूर मूळ पानाशी ताडून दुरुस्त करायचा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं पुरी झाली की पुस्तक सर्वांचं होतं. म्हणजे २०२५मध्ये १९६४पर्यंत वारलेल्या लेखकांचं लेखन तिथे घेता येतं. पान कच्चं असेल तर लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. पिवळं करणाऱ्याला तेच पान हिरवं करता येत नाही.

टंकणं अडेल असं वाटलं होतं. अण्णांना इंग्रजी टंकलेखन येतं, मराठी नाही. पण विकिस्रोतात लिहिण्याच्या चौकटीतच अक्षरांतरणाची सोय आहे, इंग्रजी कळांवर उच्चार टंकला की देवनागरी उमटते. कंट्रोल आणि एम दाबलं की चालू किंवा बंद. पहिल्या बैठकीत जोडाक्षरांनी त्रास दिला. मग मुलीने एका पुठ्ठ्यावर ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ऱ्य’, ‘ॲ’ यांच्या कळा लिहून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवल्या.

यंत्र कुठे चुकतं ते अण्णांना लगेच कळलं: ‘ध’चा ‘घ’, ‘भ’चा ‘म’, ‘थ’चा ‘य’, आणि रफार गायब. वाद झाला तो अनुस्वारांवर. जुन्या छपाईत ‘केलें’, ‘नाहीं’, ‘कांहीं’ असतं. अण्णा ते आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे करू लागले. तिथला नियम आहे, पान जसं छापलंय तसंच ठेवायचं. अण्णांना पटायला वेळ लागला. मग म्हणाले, “बरोबर आहे. मी तपासनीस आहे, लेखक नाही.”

एक पान नीट करायला त्यांना सकाळचा बराचसा वेळ लागतो. पडदा तोच, खुर्ची तीच, डोळे तितकेच थकतात. पण उठताना ते आता पुस्तकातलं काहीतरी सांगतात, आणि वहीच्या दुसऱ्या रकान्यात ‘एक पान झालं’ असं असतं.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि दुपारी पाच जण एकत्र बसून तिसऱ्या सांध्याचं काम केलं: एक संपल्यावर पुढे काय.

कल्पना अण्णांची. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात ते तरुणपणापासून जातात, तिथल्या लोखंडी कपाटांच्या मजल्यांवरची काचेची जमीन त्यांनी आम्हा सगळ्यांना कधी ना कधी दाखवली आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शिकलेली माणसं वाचायला काही नसेल तर पुन्हा निरक्षर होतील, म्हणून १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना आणून गावोगाव ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. जिथे ग्रंथालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या जायच्या. वाचता न येणाऱ्यांसाठी त्याच खात्याची मॅजिक लँटर्नची, म्हणजे दिव्याने काचेवरून पडद्यावर पाडलेली, चित्रं आणि सिनेमाचे खेळ असायचे. म्हणजे पडदा याच राज्यात खेडोपाडी शंभर वर्षांपूर्वी पोचला होता, पण कुणीतरी विचारपूर्वक भरलेल्या पेटीतून. अण्णा म्हणाले, आपणही पेटी करू.

यूट्यूबवर ‘पेटी’ नावाची यादी केली, सगळ्यांना तिच्यात भर घालता येते. टीव्हीवर आठवडाभर तीच लागायची.

६ एप्रिल

पहिली पेटी फसली. प्रत्येकाने आवडेल ते सगळं भरलं आणि यादी इतकी लांबली की आठवड्यात संपण्याचं नावच नाही. शेवट नसलेली यादी म्हणजे पुन्हा तेच, फक्त आपल्या हाताने केलेलं. आता नियम असे: प्रत्येकी दोन गोष्टी, त्याहून नाही. टाकणाऱ्याने बघण्याआधी एक वाक्य बोलायचं, हे का टाकलं. शनिवारी रात्री उरलेलं काढून टाकायचं, पुढच्या पेटीत हवं असेल तर पुन्हा निवडून टाकायचं.

ते एक वाक्य मला सर्वांत आवडतं. आईंनी देवळाचा व्हिडिओ टाकताना सांगितलं की या ओट्यावर त्या लहानपणी सागरगोटे खेळायच्या. या घरात येऊन मला वीस वर्षं होत आली, मला हे माहीत नव्हतं. व्हिडिओ साधा होता, कुणी प्रवाशाने फोनवर काढलेला. आई दोनदा थांबवून सांगत होत्या, इथे पिंपळ होता, इथून नदीला वाट.

१३ एप्रिल

न सुटलेल्या गोष्टी. व्हॉट्सॲपमधला ‘अपडेट्स’चा भाग काढता येत नाही. स्टेटस म्यूट केले, पण वाहिन्या सूचवणं तिथे चालूच आहे. इन्स्टाग्राममध्ये सूचवलेल्या पोस्ट फक्त ३० दिवसांसाठी थांबवता येतात, नंतर पुन्हा सुरू. नवऱ्याने दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कॅलेंडरवर आठवण लावली आहे. वरच्या नावावर बोट ठेवून ‘फॉलोइंग’ निवडलं तर ओळखीच्यांचंच, काळाच्या क्रमाने दिसतं, पण ॲप बंद करून उघडलं की पुन्हा निवडावं लागतं. त्याला ॲप काढायचं नाही, आणि तो निर्णय त्याचा आहे.

वही अजून चालू आहे. मुलीच्या पहिल्या रकान्यात ‘माहीत नाही’ येतं, आधीपेक्षा कमी.

अण्णांचं एक पान हिरवं झालं. त्या पानावरच्या बदलांचा इतिहास उघडला तर कुणा अनोळखी सदस्याने रात्री उशिरा ते तपासलं होतं आणि एका ठिकाणी अण्णांच्या नजरेतून सुटलेला रफार लावला होता. अण्णांनी त्या सदस्याच्या चर्चापानावर आभार लिहिले, जोडाक्षरांसकट, पुठ्ठ्याकडे न बघता.

२० एप्रिल

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, आमच्याकडेही करशील का. त्यांच्याकडे जुना अँड्रॉइड टीव्ही आहे, त्यात ‘फक्त ॲप्स’ची सोयच नाही, तिथे दुसरा लाँचर, म्हणजे मुख्य पडदा मांडणारं ॲप, बसतो का ते बघावं लागेल. बुधवारी जाणार आहे. वही आणि दोरी आजच देऊन आले.